दुचाकीवर आणि शेतात टूर्निकेट जवळ बाळगावा का?

आपला प्रश्न असा आहे : आपण दर आठवड्याला कराड ते पुणे दुचाकीने जाता, गावाकडे कडबा कुट्टीचे यंत्र आणि ट्रॅक्टर आहे, आणि मित्राच्या सांगण्यावरून रक्तस्राव थांबवण्याचा टूर्निकेट, म्हणजे हातापायाभोवती आवळून त्यातला रक्तप्रवाह बंद करणारा पट्टा, विकत घेऊन कायम सोबत ठेवावा असे आपल्या मनात आले आहे. मात्र ‘तो एकदा बांधला की हात किंवा पाय कापावाच लागतो’ असे ऐकल्यामुळे भीती वाटते, आणि वेळ आली तर कमरेचा पट्टा चालणार नाही का, अशीही शंका आहे. मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे, महामार्गालगतच्या गावात अपघाताचे रुग्ण पाहतो, आणि टूर्निकेट हे शस्त्रक्रियागृहात आमच्या नित्य वापरातले साधन आहे. त्या आधारावर सांगतो की जरूर ठेवा. पण तो बांधण्याचा सराव करणार नसाल तर तेच पैसे भरपूर गॉज आणि रुंद इलॅस्टिक पट्ट्यांवर खर्च करा, त्यांचा उपयोग अधिक होईल.

आधी भीतीचे पाहू. गुडघ्याच्या किंवा मनगटाच्या अनेक शस्त्रक्रियांमध्ये आम्ही मांडीला किंवा दंडाला हवेचा पट्टा बांधतो आणि तो दंडावर साधारण २०० ते २५०, तर मांडीवर २५० ते ३०० मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाने फुगवतो, जेणेकरून खालच्या भागात रक्त अजिबात जात नाही आणि आम्हाला स्वच्छ दिसते. तास-दीड तास तो अवयव रक्ताविना असतो, पट्टा सोडला की काही क्षणांत त्वचा गुलाबी होते, आणि रुग्ण आपल्या पायांनी घरी जातो. अमेरिकी शल्यचिकित्सक हार्वी कुशिंग यांनी हवेचा टूर्निकेट १९०४ मध्ये वापरात आणला; त्याआधी, १७१८ मध्ये, फ्रान्सचे शल्यचिकित्सक झां लुई पेती (Petit) यांनी स्क्रूचा टूर्निकेट तयार केला होता. इतक्या जुन्या अनुभवातून ठरलेली मर्यादा दोन तासांची आहे. दोन तासांच्या आत रुग्ण शल्यचिकित्सकाच्या हाती पोहोचला तर केवळ टूर्निकेटमुळे अवयव जाण्याची शक्यता फार कमी असते. त्यापुढे स्नायू आणि नसांचे (मज्जातंतूंचे) नुकसान वाढत जाते, आणि सहा तासांच्या आसपास वेळ गेलेला टूर्निकेट तर रुग्णालयाबाहेर कोणी सोडूच नये, कारण मृत होऊ लागलेल्या स्नायूंमधील पोटॅशियम आणि इतर घटक एकदम रक्तात मिसळून हृदय बंद पडू शकते.

जुनी भीती मुख्यतः त्या काळातली आहे, जेव्हा जखमी सैनिक बैलगाडीने किंवा स्ट्रेचरवरून दिवस दिवस प्रवास करून पोहोचत असे आणि बांधलेली दोरी तोपर्यंत तशीच राहत असे. अलीकडच्या काळातील सर्वांत महत्त्वाची माहिती इराक युद्धातून आली. बगदादमधील अमेरिकी लष्करी रुग्णालयात २००६ साली टूर्निकेट लावलेल्या २३२ रुग्णांची काटेकोर नोंद ठेवण्यात आली. त्यात टूर्निकेटमुळे एकाचाही अवयव गेला नाही. चार जणांना बांधलेल्या जागी नसांचा तात्पुरता अशक्तपणा आला. त्याहून बोलका आकडा वेळेचा आहे. रुग्ण शॉकमध्ये, म्हणजे रक्त कमी पडून शरीराला पुरवठा अपुरा होण्याच्या अवस्थेत, जाण्याआधी टूर्निकेट लावला गेला त्या गटात ९० टक्के वाचले, आणि शॉकमध्ये गेल्यावर लावला गेला त्या गटात अवघे १० टक्के. आपण जे साधन घेऊ पाहता त्याचे सारे मोल या फरकात आहे, कारण मांडीची मुख्य धमनी तुटल्यास माणूस तीन ते पाच मिनिटांत जाऊ शकतो, आणि तेवढ्या वेळात कोणतीही रुग्णवाहिका खंबाटकी घाटात पोहोचू शकत नाही.

आता तो कधी लावायचा, हे नीट समजून घ्यावे. हात किंवा पाय यांची जखम असावी आणि रक्तस्राव जीवघेणा असावा, या दोन्ही गोष्टी हव्यात. जीवघेणा म्हणजे रक्ताची चिळकांडी उडते आहे, किंवा जमिनीवर थारोळे साचत चालले आहे, किंवा घट्ट दाबून धरलेले कापड बघता बघता भिजून त्यातून रक्त ठिबकते आहे, किंवा अवयवाचा तुकडाच पडला आहे, किंवा जखमी माणूस बरळू लागला आहे, थंड घामाने भिजला आहे. साठ किलो वजनाच्या माणसात सव्वाचार लिटरच्या आसपास रक्त असते. त्यातले दीड-पावणेदोन लिटर गेले की बाहेरून रक्त आणि शस्त्रक्रिया मिळाल्याशिवाय तो सहसा टिकत नाही. रक्त डांबरावर किंवा मातीवर पसरले की त्याचा अंदाज बांधणे कठीण होते, आणि काळ्या जीन्समध्ये तर अर्धा लिटर रक्त मुरले तरी लक्षात येत नाही. म्हणून शंका असेल तर कपडा कापून जखम डोळ्यांनी पाहावी, किंवा निदान हात फिरवून तळवा पाहावा.

येथे एक गोष्ट अनुभवी नसलेल्या माणसाला उलटी वाटते. पूर्ण तुटलेली धमनी बऱ्याचदा आकसून आत ओढली जाते आणि तिचे तोंड काही काळ मिटते, म्हणून संपूर्ण तुटलेला हात सुरुवातीला अपेक्षेपेक्षा कमी रक्त सांडतो. अर्धवट कापलेली धमनी मात्र आकसू शकत नाही, तिचे भोक ताणून उघडेच राहते, आणि काचेच्या दारातून हात आरपार गेलेला, वरवर छोटी जखम दिसणारा रुग्ण अधिक वेगाने रिकामा होतो. तुटलेल्या हाताचा रक्तस्राव मंदावला म्हणून गाफील राहू नये. थोड्या वेळाने तो पुन्हा सुरू होतो.

रस्त्यावर आणि शेतात दिसणाऱ्या बहुतेक जखमांना मात्र टूर्निकेटची गरज नसते. बोट कापले, डोक्याची कातडी फाटली, कोयत्याचा वार पोटरीवर ओझरता बसला, अशा वेळी स्वच्छ कापडाने जखमेवर नेमका दाब देणे पुरते. नेमका म्हणजे तळहाताने जखमेच्या आसपास थोपटणे नव्हे. रक्त ज्या बिंदूतून येते आहे त्यावर बोटे रोवून, कोपर ताठ ठेवून, शरीराचे वजन टाकून किमान दहा मिनिटे सलग दाबणे. दर मिनिटाला कापड उचलून ‘थांबले का’ असे पाहिल्याने जमू लागलेली गुठळी निघते आणि सगळे पहिल्यापासून सुरू होते. हळद, चहापूड, कॉफी, टूथपेस्ट यांतले काहीही मोठ्या रक्तस्रावात उपयोगाचे नाही. ते काढण्यातच आमचा वेळ जातो.

मान, काख, जांघ, छाती, पोट येथे टूर्निकेट लावताच येत नाही. संक्रांतीच्या दिवसांत नायलॉनच्या मांजाने गळा कापलेले दुचाकीस्वार येतात. त्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घातली, पण तो अजून मिळतो. अशा गळ्यावर बोटांनी सरळ दाब देऊन, मान न वळवता, दाब न सोडता रुग्णालय गाठणे एवढाच उपाय असतो. जांघेतील किंवा काखेतील खोल जखमेत गॉजची लांब पट्टी बोटाने आत आत कोंबून खड्डा पूर्ण भरावा लागतो आणि त्यावर जोराने दाबून धरावे लागते. रक्त गोठवणारे औषध लावलेला गॉज असेल तर तीन मिनिटे, साधा असेल तर दहा. टूर्निकेटच्या जोडीला गॉज ठेवाच, असे मी आग्रहाने सांगतो ते या कारणासाठी. ज्याच्या पिशवीत फक्त टूर्निकेट आहे तो जांघेच्या जखमेसमोर रिकाम्या हाताने उभा राहतो.

बांधण्याची पद्धत लिहून सांगता येते, पण ती हातात बसवावी लागते. जखमेच्या वर, म्हणजे हृदयाच्या बाजूला, चार बोटे अंतर सोडून पट्टा गुंडाळावा. गुडघा किंवा कोपर यांच्या सांध्यावर कधीही बांधू नये. जखम नेमकी कोठे आहे हे कपड्यांमुळे, अंधारामुळे किंवा गोंधळामुळे कळत नसेल तर शोधत बसू नये, मांडीच्या किंवा दंडाच्या अगदी वरच्या टोकाला कपड्यावरूनच बांधावा. त्याआधी खिसा चाचपून पाहावा, कारण पट्ट्याखाली मोबाइल किंवा पाकीट राहिले तर दाब त्यावर जातो आणि धमनी मोकळीच राहते. मग पट्टा बकलातून ओढून इतका आवळावा की त्याखाली बोटे शिरता कामा नयेत, आणि त्यानंतर पट्ट्याला जोडलेली, तो आणखी आवळण्याची दांडी पिळावी. येथेच बहुतेकांची फसगत होते. ते पट्टा ढिला ठेवतात आणि सगळा भार दांडीवर टाकतात. दांडी पिळून पिळून थकते, पट्ट्याचा बोळा होतो, पण रक्त थांबत नाही. पट्टा आधीच नीट ओढलेला असेल तर दोन-तीन वळशांत काम होते. रक्त पूर्ण थांबेपर्यंत आणि मनगटाची किंवा पावलाची नाडी लागेनाशी होईपर्यंत पिळावे, दांडी खाचेत अडकवावी, आणि बांधल्याची वेळ पट्ट्यावर किंवा रुग्णाच्या कपाळावर पेनाने लिहावी. एकाने भागले नाही तर दुसरा त्याच्या लगत, वरच्या बाजूला बांधावा. जाड मांडीला तो कधी कधी लागतोच.

अर्धवट घट्ट बांधलेला टूर्निकेट न बांधलेल्याहून वाईट असतो. परतीच्या शिरा पातळ आणि वरवर असतात, त्या थोड्याशा दाबाने मिटतात. धमनी खोल आणि जाड भिंतीची असते, ती चालूच राहते. परिणामी बंधाऱ्याची खालची दारे लावून वरून पाणी सोडत राहावे तसे होते : रक्त पायात येत राहते, परतीची वाट मिळत नाही, आणि ते सगळे जखमेतूनच बाहेर पडते. हातपाय निळसर सुजलेला आणि रक्त वाढलेले दिसले तर समजावे की अजून आवळायला हवे.

नीट बांधलेला टूर्निकेट भयंकर दुखतो. रुग्ण ओरडतो, हात धरून तो सोडवायला सांगतो, शेजारी उभे असलेले नातेवाईक ‘अहो, जरा सैल करा’ म्हणून अंगावर येतात. तेव्हा ठाम राहायला हवे. ‘दुखणार आहे, पण रक्त थांबले आहे, आता दवाखान्यातच सोडायचा’ एवढे मोठ्याने, पुन्हा पुन्हा सांगावे. दर पंधरा-वीस मिनिटांनी थोडा सैल करून पुन्हा आवळावा, अशी सूचना प्रथमोपचाराच्या जुन्या पुस्तकांत असे आणि शाळेत ती शिकलेले लोक आजही तसे करतात. ती पूर्णपणे सोडून द्यावी. प्रत्येक सैलीत पेलाभर रक्त जाते, बसलेली गुठळी सुटते, आणि अवयवाला त्याचा फायदा काहीही होत नाही.

कमरेचा पट्टा चालेल का? सहसा नाही. चामड्याचा पट्टा ताठ असतो, तो पिळता येत नाही. नुसता ओढून धरला तर शिरा मिटण्यापुरता दाब येतो आणि आधी सांगितलेला प्रकार घडतो. २०१३ साली बॉस्टन मॅरेथॉनच्या स्फोटात घटनास्थळी जे टूर्निकेट लावले गेले ते हाताशी सापडलेल्या वस्तूंचेच होते, आणि त्यावरून अमेरिकेत धडा घेतला गेला तो तयार साधन सार्वजनिक ठिकाणी ठेवण्याचा. २०१५ मध्ये तेथे ‘स्टॉप द ब्लीड’ मोहीम सुरू झाली. तरीही काहीच नसेल तर उपरणे, ओढणी किंवा सुती टॉवेल चार-पाच सेंटिमीटर रुंदीची घडी करून दोनदा गुंडाळावा, अर्धी गाठ मारून त्यावर दुचाकीच्या टूलकिटमधला पाना किंवा स्क्रूड्रायव्हर ठेवावा, वर पक्की गाठ मारावी, पिळावे आणि दांडीचे टोक दुसऱ्या कापडाने बांधून टाकावे. पेन किंवा झाडाची काटकी मोडते. सुतळी, वायर, बुटाची नाडी मुळीच वापरू नये. अरुंद वस्तू कातडीत रुतते, नस चिरडते, आणि इतके करूनही खोल धमनी मिटत नाही.

आपण उसाच्या भागातले आहात म्हणून एक गोष्ट ठळकपणे लिहितो. सर्पदंशात टूर्निकेट लावायचा नाही, दोरी बांधायची नाही, पंचा आवळायचा नाही. घोणस किंवा फुरसे चावल्यास त्यांचे विष त्या जागीच मांस सडवते. वर आवळले की ते तेथेच कोंडले जाते आणि जो पाय वाचला असता तो जातो. शिवाय बांधलेले एकदम सोडले की साठलेले विष एका झटक्यात अंगभर जाते. साप चावलेला अवयव हाड मोडल्यासारखा फळीने स्थिर करावा, अंगठ्या, जोडवी, कडे काढावे, चालवू नये, आणि सर्पविषावरील लस असलेल्या रुग्णालयात न्यावे. कोणी आधीच बांधून आणले असेल तर वाटेत न सोडता डॉक्टरांसमोरच सोडवावे. ज्या घरात टूर्निकेट येतो त्या घरात सर्वांना हे सांगून ठेवावे, कारण खेड्यात त्या पट्ट्याचा पहिला वापर सापासाठीच होण्याचा संभव मला अधिक वाटतो.

कडबा कुट्टीत हात गेला तर पहिले काम मुख्य स्विच बंद करण्याचे आहे. माणसाला ओढण्याचे नाही. रोलरमध्ये हात अडकलेला असताना दंडावर टूर्निकेट बांधता येतो आणि बांधावा, मग यंत्र उघडून हात सोडवावा, कारण हात सुटताच दबलेल्या धमन्या मोकळ्या होतात आणि खरा रक्तस्राव तेव्हा सुरू होतो. पंजा किंवा बोटे तुटली असतील तर ती ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावी, तोंड बांधावे, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बर्फ थेट लागला तर पेशी गोठून मरतात, आणि पाण्यात किंवा दुधात बुडवून आणलेले बोट जोडणे अवघड होऊन बसते.

खरेदीबाबत. सैन्यात वापरला जाणारा ‘कॅट’ नावाचा टूर्निकेट अमेरिकेतच साधारण ३० डॉलरला मिळतो. तसाच हुबेहूब दिसणारा माल येथे ऑनलाइन काहीशे रुपयांत मिळत असेल तर तो नकली आहे असे धरून चालावे. नकली पट्ट्याची दांडी नेमकी शेवटच्या वळशाला वाकते, खाच तुटते किंवा वेल्क्रो सुटतो. अधिकृत विक्रेत्याकडून दोन घ्यावेत आणि त्यातला एक फक्त सरावासाठी ठेवावा, कारण वारंवार पिळलेला पट्टा थकतो आणि तो खऱ्या प्रसंगी वापरू नये. रक्त तपासणीच्या वेळी दंडाला बांधतात तो रबरी पट्टा किंवा नळी हे वेगळे साधन आहे. औषधाच्या दुकानात टूर्निकेट मागितला तर बहुधा तेच हाती पडते. काळ्या लष्करी पाऊचमध्ये कमरेला लटकवून मिरवण्याची फॅशन मी पाहिली आहे; त्याने इजा काही नाही, पण उन्हाने प्लॅस्टिक ठिसूळ होते, तेव्हा पाऊच झाकणाचा असावा. प्लॅस्टिकचे वेष्टन आधीच फाडून, पट्टा वापरासाठी घडी घालून ठेवावा, कारण रक्ताळलेल्या बोटांनी ते वेष्टन फाटत नाही. दुचाकीवर तो डिक्कीच्या तळाशी रेनकोटखाली नको. आपण स्वतः वीस फुटांवर फेकले गेलात तर डिक्कीचा काय उपयोग? जॅकेटच्या खिशात, दोन्ही हातांना पोहोचेल असा ठेवावा, आणि दुसरा गोठ्यात यंत्राजवळच्या खिळ्यावर, सावलीत. त्याचे वजन ८० ग्रॅमच्या आतबाहेर असते, ओझे होत नाही.

सराव घरी करावा : उजव्या हाताने डाव्या दंडावर, मग डाव्या हाताने उजव्या दंडावर, मग अंधारात मांडीवर. नाडी थांबेपर्यंत आवळून लगेच सोडला तर निरोगी माणसाला धोका नाही. मधुमेह, पायाच्या रक्तवाहिन्यांचा आजार किंवा पूर्वी पायात गुठळी झालेल्यांवर मात्र सराव करू नये. अगदी लहान बाळांच्या बारीक हातापायांवर हा पट्टा नीट आवळला जाईलच असे नाही, तेथे दोन्ही हातांनी दाब देणेच अधिक भरवशाचे.

कायद्याची भीती असेल तर ती बाजूला ठेवावी. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांना संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली, आणि २०१९ च्या सुधारणेने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आले. सद्भावनेने मदत करताना काही कमी-जास्त झाले तरी मदतकर्त्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, आणि आपले नाव-पत्ता सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही.

टूर्निकेट बांधून झाला की १०८ ला फोन करून ‘धमनी तुटली आहे, टूर्निकेट लावला आहे, अमुक वाजता’ असे स्पष्ट सांगावे. सोबत दुसरे कोणी असेल तर बांधणे चालू असतानाच त्याला फोन करायला लावावे. रुग्णाला पांघरूण घालावे, कारण अंग थंड पडले की रक्त गोठेनासे होते. पाणी किंवा चहा देऊ नये. त्याला भूल द्यावी लागणार आहे. वाटेतल्या छोट्या दवाखान्यात टाके घालण्यासाठी थांबू नये, तर रक्तपेढी आणि शल्यचिकित्सक असलेल्या रुग्णालयात सरळ न्यावे, आणि तेथे पोहोचल्यावर पहिल्या भेटलेल्या कर्मचाऱ्याला बांधल्याची वेळ तोंडी सांगावी. जखम पाहण्याच्या घाईत कोणी पट्टा सोडू लागले तर शस्त्रक्रियेची तयारी आणि रक्ताची पिशवी समोर येईपर्यंत थांबायला सांगण्याचा आपल्याला अधिकार आहे. आम्हा डॉक्टरांना त्याचा राग येत नाही.